तंजावरची भिंत आणि घरची पेटी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "पंधरा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको. लोक जेवणाआधीच झोपतील." मी म्हटलं, गेल्या डिसेंबरात आम्ही घरची चौघं तंजावरला जाऊन आलो, त्याबद्दल बोलते. प्रवासाची हकिकत म्हणून ऐकलंत तरी चालेल. पण तिथे जे पाहिलं ते आपल्या शाळेच्या आणि आपल्या घरांच्या फार जवळचं वाटलं, म्हणून हाच विषय घेतला.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तंजावर एका ओळीचं होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे राज्य स्थापन केलं. रिकाम्या जागी 'तंजावर' लिहिलं की एक मार्क मिळायचा. सिंधुदुर्ग मात्र आपल्याला पाठ होता, कारण तो रोज समोर दिसायचा. १६६४ साली बांधायला घेतला, तीन वर्षांत पुरा झाला. एक भाऊ आपल्या समुद्रात किल्ला बांधत होता आणि त्यानंतर दहाएक वर्षांनी, १६७५-७६ च्या सुमारास, दुसरा भाऊ इथून हजारेक किलोमीटरवर कावेरीच्या खोऱ्यात गादीवर बसला. ती गादी जवळजवळ १८० वर्षं टिकली. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ साली खालसा केली, तंजावरची त्यानंतर सात वर्षांनी, १८५५ साली. एका मार्काच्या त्या गावात एवढं मोठं मराठी राज्य होऊन गेलं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर नीट समजलं.

आम्ही चौघं म्हणजे मी, नवरा, आठवीत शिकणारी मुलगी आणि माझी आई. बेंगळुरूहून रात्रीची मयिलादुतुराईची गाडी धरली की पहाटे तंजावर येतं. उतरलो तर मार्गळी महिना चालू होता. दारोदारी बायका अंगण शिंपून तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत होत्या आणि देवळांतून गाणी ऐकू येत होती. गावाबाहेर भाताची शेतं अजून हिरवी होती. आपल्याकडे तोवर भात कापून, झोडून कणगीत गेलेलं असतं, त्यामुळे आईला त्याचंच नवल. गाव म्हणाल तर गजबजलेलं. बसस्टँडवर कुंभकोणम, त्रिची, नागपट्टणम अशा हाका, पितळी डबऱ्यातली कॉफी, केळीच्या पानावरचं जेवण आणि रस्त्याकडेला मान आणि कंबर डोलवणाऱ्या बाहुल्या. सोन्याचा वर्ख लावलेली तंजावरी चित्रं तर दुकानादुकानांत. वीणा बनवणाऱ्यांच्या एका कारखान्यात गेलो, तिथे लाकडाला हात लावून आई म्हणाली, "ह्यो तर आपलो फणस!" खरंच, तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. आपल्या परसातलं झाड तिथे गातं, याचा आईला दिवसभर अभिमान वाटत होता.

मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं. शिखर दोनशे फुटांहून उंच आहे. गाइड सांगत होता, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. माझी लेक त्या वेळी नेमकी त्या सावलीतच उभी होती, कारण फरशी तापायला लागली होती. तिने गाइडला ती सावली दाखवली. तो हसला आणि पुढे गेला. इतकं अफाट काम हजार वर्षांपूर्वी दगडात उभं केलं, त्याला अशा दंतकथेची गरज नाही, असं मला वाटतं.

बहुतेक लोक शिखर पाहतात, नंदी पाहतात, फोटो काढतात आणि जातात. आम्हाला मात्र एक भिंत शोधायची होती. आवाराच्या कडेने ओवऱ्या आहेत. त्यांतल्या नैर्ऋत्येकडच्या भागात भिंतीवर ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत, देवनागरी अक्षरांत, मराठीत. हा भोसले वंशाचा इतिहास. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी तो १८०३ साली कोरून घेतला. मराठीतला सर्वांत लांब शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. चोळांच्या देवळात, सगळीकडे जुन्या तमिळ लेखांच्या शेजारी, आपली बाराखडी.

माझ्या लेकीची शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलते, हिंदीमुळे देवनागरी वाचते. ती एकेक अक्षर लावत गेली, पण जुन्या पद्धतीने सलग लिहिलेलं असल्यामुळे शब्द कुठे तोडायचा ते तिला कळेना. आईला लांबून अक्षरं दिसत नव्हती, पण तिने जन्मभर श्रावणात पोथी ऐकलेली. लेक अक्षरं म्हणायची आणि आई शब्द तोडून सांगायची. अशा दोन-तीन ओळी दोघींनी मिळून लावल्या. 'शहाजी राजे' हे नाव लागलं तेव्हा आईने मला विचारलं, "ही आपलीच भाषा मा गो? मग हंय कोण वाचता ही?"

या प्रश्नाचं उत्तर शोधत आम्ही पुढचे दोन दिवस तंजावरात फिरलो.

आधी हे कोरणाऱ्या राजाबद्दल सांगते. सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह झाला आणि राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे किल्ला, भोवतालचा थोडा भाग आणि ठरलेली नेमणूक उरली. म्हणजे हा लेख कोरला तेव्हा त्यांचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती. हाती सत्ता नसलेल्या माणसाने आपल्या घराण्याचा इतिहास दगडावर लिहिला. आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने १८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. त्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे पुस्तक निघालं, इसापच्या गोष्टी मराठीत. मराठीतल्या अगदी पहिल्यावहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक. मुलांसाठी शाळा काढल्या. धन्वंतरी महालात वैद्यकाचं काम चालवलं. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी तिथल्या संग्रहात आजही आहेत. मुलांना जगाचा भूगोल समजावा म्हणून 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं नाटक लिहिलं. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, त्यात भविष्य सांगणारी एक कुरत्ती असते. या नाटकात ती मराठीत देशोदेशींची माहिती सांगते. भूगोलाचा तास असा घेतला असता तर आपल्यातल्या कितीतरी जणांचे मार्क वाढले असते, हे बाईंनाही मान्य होईल.

सरफोजींना उगाच देवघरात बसवायची गरज नाही. ते कंपनीच्या नेमणुकीवर जगत होते, आणि नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या विजयाच्या आनंदात त्यांनी समुद्राकाठी मनोरा नावाची आठ मजली इमारतही बांधली. पण राज्य गेल्यावर काय करायचं, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आपल्या भाषेला कामाला लावलं. शिकवायला, छापायला, औषधांच्या नोंदी ठेवायला, हिशेब लिहायला.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगते. आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १८३२ मध्ये, तंजावरात सरफोजी वारले. एका टोकाला मराठी वृत्तपत्र सुरू होत होतं, तेव्हा दुसऱ्या टोकाला छापील मराठीला पाव शतक होऊन गेलं होतं.

आणखी मागे जाऊ. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी मराठीत नाटकं लिहिली. त्यातलं 'लक्ष्मीनारायण कल्याण' सतराव्या शतकाच्या अखेरचं. आपण शाळेत शिकलो, मराठी नाटकाची सुरुवात सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांच्या 'सीता स्वयंवर'ने झाली. तंजावरचं नाटक त्याच्या दीडशे वर्षं आधीचं आहे. याच शहाजीराजांनी तेलुगूतही लिहिलं, आणि 'पंचभाषाविलास' नावाच्या एकाच नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलायला लावल्या. भाषेला मोठं करायला दुसऱ्या भाषेला लहान करावं लागत नाही, हे त्या दरबाराला ठाऊक होतं. त्याच तंजावर मुलखातल्या तिरुवैयारूला त्यागराज तेलुगूत कीर्तनं रचत होते, आणि सरफोजींच्या आश्रयाला असलेल्या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या मांडणीला आकार दिला. आपली मराठी कीर्तनंही तिथे पोचली. त्यांतून तमिळ हरिकथा घडली, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ हरिकथाकार आजही म्हणतात. तंजावरजवळच्या मेलट्टूरला नृसिंह जयंतीच्या सुमाराला भागवत मेळा होतो, त्यात स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. जत्रेत रात्रभर दशावतार बघितलेल्या माणसाला त्यात नवीन काही वाटणार नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. हे वाचतं कोण?

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासूनचा संग्रह, तो सरफोजींनी कित्येक पटींनी वाढवला. काशीयात्रेला गेले तिथूनही पोथ्या आणल्या. १९१८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे मराठी हस्तलिखितं तीन हजारांहून अधिक आहेत. शिवाय दरबाराचे मोडी कागद. कोणाला किती धान्य दिलं, कोणत्या अन्नछत्रात काय खर्च झाला, कोणाला कसलं औषध दिलं, सगळं मोडीत, रुमालांत बांधलेलं. यातल्या मोडी कागदांचं भाषांतर करून खंड कोणी काढले माहीत आहे? तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने. तमिळमध्ये. आपल्या लिपीतले आपल्या भाषेतले कागद वाचून त्यांनी आपल्या लोकांसाठी तमिळमध्ये आणले. मला याचा हेवा वाटला आणि कृतज्ञताही वाटली.

ग्रंथालयाबाहेर एका साध्या हॉटेलात कॉफी पीत होतो. शेजारच्या टेबलावरच्या साठीच्या एका गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकलं आणि मराठीत विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचंच. बोलण्याचा हेल तमिळ, मध्येच एखादा शब्द असा जुना की आईने तो फक्त पोथीत ऐकलेला. आईची मालवणी आणि त्यांची तंजावरी मराठी अर्धा तास मजेत गप्पा मारत होत्या. मी मध्ये दुभाषी व्हायला गेले, तर दोघांनीही मला गप्प केलं. मग मी त्यांना भिंतीवरच्या लेखाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "घरात बोलतो. वाचता येत नाही. आमचं लिहिणं-वाचणं सगळं तमिळ." त्यांच्या घरी आजोबांची मोडी पत्रं आहेत. आजोबा गेले आणि पत्रं मुकी झाली. ते हे सहज सांगत होते, त्यात तक्रार नव्हती.

मला तिथे एक गोष्ट स्पष्ट झाली. तंजावरात मराठी आली ती फौजेबरोबर, पण टिकली ती कामामुळे. कचेरीत, छापखान्यात, दवाखान्यात, नाटकात तिला काम होतं तोवर ती लिहिली आणि वाचली गेली. १८५५ नंतर कचेरीतलं काम गेलं आणि ती घरात राहिली. घरात राहिलेली भाषा प्रेमाने जपली जाते, स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. पण तिचं लिहिलेलं वाचणारा माणूस आधी जातो. बोलणारी माणसं असतानाच कागद मुके होतात. म्हणून भाषा संपली असं कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे तंजावरचं दुःख सांगायला मी इथे उभी नाही. हे आपल्या गावचंही आहे. आपल्यातल्या किती जणांच्या घरी माळ्यावर, देव्हाऱ्याखाली किंवा जुन्या लाकडी पेटीत मोडी कागद आहेत? हात वर करा म्हटलं तर अर्धा हॉल वर करेल. जमिनीचे व्यवहार, देवस्थानचे हिशेब, मानपानाच्या याद्या, मुंबईला गेलेल्या कोणी घरी लिहिलेली पत्रं. आपल्या आजोबा-पणजोबांना ते सहज वाचता येत होतं. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत तीच गत झाली. तंजावरच्या लोकांना निदान हजार किलोमीटरचं कारण होतं. आपण तर गावातच होतो.

आता दोन मिनिटं कॉम्प्युटरचं बोलते, संयोजकांची क्षमा मागून. बरेच जण म्हणतात, आता मशीन सगळं वाचेल, काळजी कशाला? मी त्याच धंद्यात आहे, म्हणून सांगते. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. म्हणजे मोडी अक्षर आता मोबाइलवरही लिहिता येऊ शकतं. पण अक्षराला नंबर मिळाला म्हणजे वाचणारा मिळाला असं होत नाही. हातचं मोडी लेखन मशीनला शिकवायचं तर माणसांनी बरोबर वाचून उतरवलेल्या हजारो ओळी आधी तिच्यासमोर ठेवाव्या लागतात. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, आपल्याकडचे शब्द वेगळे. खोत, मळेवाला, कुळागर, बांदिवडेकरांची वाट, असले शब्द पुण्या-मुंबईच्या जाणकारालाही अडतील. ते इथल्याच माणसाला कळणार. म्हणजे मशीनमुळे आपलं काम संपत नाही, उलट वाचणारी माणसं आताच तयार व्हायला हवीत. ज्यांना थोडंफार येतं अशी वयस्कर माणसं अजून आहेत. दहा वर्षांनी ती असतीलच असं नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेला देणगी म्हणून आपण पंखे देतो, बाक देतो, त्याची गरज आहेच. त्याबरोबर दर मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत दहा दिवसांचा मोडी वर्ग घेऊ. शिकवणारे मिळतात, राज्यात ठिकठिकाणी असे वर्ग चालतात. मुलांबरोबर आपणही बसू. आणि शाळेच्या एका खोलीत एक स्कॅनर ठेवू. ज्यांच्या घरी कागद आहेत त्यांनी ते आणावेत, स्कॅन करून मूळ कागद घरी परत न्यावेत. कोणाचा कागद कोणी ठेवून घ्यायचा नाही. जमिनीचे कागद उघड करायला लोक बिचकतात, ते स्वाभाविक आहे. त्यांनी पत्रं आणावीत, पाककृती आणावी, भजनाची वही आणावी. स्कॅनर आणि त्याला लागणारी कॉम्प्युटरची सोय मी करते, ते माझ्याकडे लागलं.

शाळेची पटसंख्या कमी होतेय हे सरांनी मघाशी सांगितलं. मुलं इंग्रजी माध्यमाकडे जातात, त्यांच्या आईवडिलांना दोष देऊन काही होणार नाही, आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलंही तिकडेच आहेत. पण शाळेत असं काहीतरी असलं, जे जिल्ह्यात दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही, तर शाळेकडे यायला एक कारण वाढेल. सुट्टीत मुंबईहून, बेंगळुरूहून, दुबईहून गावी आलेली आपली मुलंही दहा दिवस इथे बसतील. आजीला अक्षर दिसत नाही आणि नातीला शब्द कळत नाही, अशा जोड्या आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्यांना एकाच बाकावर बसवायचं आहे, एवढंच.

सरफोजींनी दगडावर लिहिलं, म्हणून ते दोनशे वर्षं टिकलं. आपल्या घरचे कागद दगडाचे नाहीत. त्यांना कोकणातला पाऊस लागतो, वाळवी लागते. पुढच्या वर्षी मेळाव्याला येताना प्रत्येकाने घरातला एक तरी कागद घेऊन या. वाचता येत नसला तरी आणा. आपण सगळे मिळून लावू.